पाळी चुकण्याआधी शरीर खरंच काही सांगतं का?

पाळीला अजून आठवडा आहे. सकाळी दात घासताना ब्रश जरा जास्त आत गेला आणि पोटात ढवळून आलं. एवढंच झालं, पण तेवढ्यावर मन पळत सुटतं. हात नकळत छातीकडे जातो. दुखतंय का? दाबून पाहिलं तर दुखतंय. काल दुखत होतं का? आठवत नाही. मागच्या महिन्यात? तेही आठवत नाही. मग फोन हातात येतो, 'गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणं' शोधली जातात आणि समोर पंचवीस-तीस लक्षणांची यादी येते. त्यातली निम्मी तरी आपल्याला लागू पडतात.

मूल हवं असलेल्या बाईचं असं होतं, नको असलेल्या बाईचंही होतं. एकीच्या मनात आशा असते, दुसरीच्या मनात धास्ती. शरीराकडे कान लावून बसणं मात्र दोघींचं सारखंच. हे दिवस मीही काढले आहेत. त्या वेळी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवी होती अशी एक गोष्ट आहे, तीच इथे सांगते. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत शरीरात जे जे जाणवतं, ते गर्भ राहिलेला असो वा नसो, जवळजवळ सारखंच असतं. त्यामुळे 'मला माझं शरीर ओळखता येत नाही' असं वाटून घेऊ नका. ओळखण्यासारखा फरक त्या दिवसांत झालेलाच नसतो.

तो का नसतो, ते कळण्यासाठी आत काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

आधी थोडं आतलं

चक्र २८ दिवसांचं धरलं, तर पाळी सुरू झाल्यापासून सुमारे १४व्या दिवशी एका अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडतं. एखादीचं चक्र ३५ दिवसांचं असेल तर तिचं बीज उशिरा, साधारण २१व्या दिवशी सुटतं. म्हणजे लांबतो तो पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा काळ. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो. सुटलेलं बीज १२ ते २४ तास जगतं. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटायच्या चार दिवस आधी संबंध आला असला तरी दिवस राहू शकतात.

बीज ज्या इवल्याशा पिशवीत वाढलं ती फुटल्यावर वाया जात नाही. तिची पिवळसर गाठ होते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवू लागते. गर्भाशयाचं अस्तर मऊ आणि भरलेलं ठेवणं हे त्याचं मुख्य काम, पण रक्तातून ते सगळ्या अंगभर फिरतं. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोट फुगतं आणि शौचाला साफ होत नाही. स्तनांतल्या ग्रंथी वाढतात, म्हणून स्तन जड होतात, ठणकतात, ब्राची शिवण लागली तरी हुळहुळतात. मेंदूवर त्याचा काहीसा गुंगी आणणारा परिणाम होतो, म्हणून दुपारी डोळे मिटायला लागतात. शरीराचं तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं, म्हणून अंग जरा कढत लागतं. रडू यायला कारण लागत नाही.

वर सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा वाचा. फोनवर सापडलेली ती यादी यात जवळपास संपली, आणि गर्भाचा अजून कुठेही उल्लेख आलेला नाही. पीतपिंड हे हार्मोन दर महिन्याला बनवतं. बीज फळलं की नाही याची खबर त्याला अजून लागलेली नसते.

बीज फळतं ते गर्भनलिकेत. तिथून एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत तो गोळा चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो. तेव्हा तो मिठाच्या बारीक कणापेक्षाही लहान असतो. आणखी दिवस-दोन दिवस तो तसाच मोकळा असतो आणि मग अस्तराला चिकटून आत रुतायला लागतो. हे रुजणं नेमकं कधी होतं, याचा एक फार कष्टाने केलेला अभ्यास अमेरिकेत झाला. अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल होऊ देण्याचं ठरवलेल्या २२१ स्त्रियांकडून रोज सकाळच्या लघवीचे नमुने घेतले, काही महिने, न चुकता. त्यावरून १९९९ साली त्यांनी मांडलं, की टिकलेल्या गर्भधारणांमध्ये बीज सुटल्यानंतर ६ ते १२ दिवसांनी गर्भ रुजतो आणि बहुतेक वेळा आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी.

आता हिशोब करा. बीज सुटल्यापासून मोजलं, तर पाळी चौदाव्या दिवशी यायची आहे आणि गर्भ रुजला नवव्या दिवशी. म्हणजे तारखेला उरले पाच दिवस. रुजण्याआधी गर्भाकडून आईच्या रक्तात अंगभर जाणवेल असं काही आलेलंच नसतं. संबंधानंतर तिसऱ्या दिवशी मळमळलं, चौथ्या दिवशी चक्कर आली, तर त्याला दुसरी शंभर कारणं असतील. गर्भ हे कारण असू शकत नाही.

रुजल्यावर मात्र चित्र पालटतं. पुढे ज्यांची वार होणार असते त्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन सोडायला लागतात. त्याचं पहिलं काम म्हणजे पीतपिंडाला निरोप देणं, की थांबू नकोस, बनवत राहा. हा निरोप मिळाला नाही तर पीतपिंड आक्रसतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. निरोप मिळाला तर प्रोजेस्टेरॉन चढतंच राहतं, अस्तर टिकतं, पाळी येत नाही. गर्भ राहिल्याची पहिली भरवशाची खूण ती हीच. काही तरी नवीन जाणवतं अशातला तो भाग नाही, जे व्हायचं ते होत नाही. आपल्या भाषेत गर्भ राहिला की 'दिवस गेलेत' म्हणतात. मळमळीचं किंवा छातीच्या दुखण्याचं नाव त्यात नाही, दिवसांचं आहे. मला ते फार अचूक वाटतं.

वहीतली दोन पानं

माझी एक मैत्रीण मूल व्हावं म्हणून वर्षभर प्रयत्न करत होती. ती रोज रात्री वहीत लिहायची. एका महिन्याचं पान तिने मला दाखवलं होतं. 'उजवा स्तन जास्त दुखतोय. ओटीपोटात टोचल्यासारखं. भाजी फोडणीला टाकली तर वास नकोसा झाला. दोनदा रडले.' ओळी भरगच्च, अक्षर घाईघाईतलं. त्या पानाच्या शेवटी फक्त 'आली' एवढा शब्द होता. त्याच्यानंतर तीन महिन्यांनी एक पान जवळजवळ कोरं होतं. 'काही नाही. नेहमीसारखं. पाळी येणार असं वाटतंय, कंबर दुखतेय.' दिवस गेले ते त्या महिन्यात.

तिची वही म्हणजे काही पुरावा नव्हे. पण मोठ्या अभ्यासातूनही हेच दिसतं. विल्कॉक्स यांच्या त्याच अभ्यासातल्या स्त्रियांनी रोज आपल्या लक्षणांची नोंद ठेवली होती. ज्यांना पुढे मूल झालं त्यांच्यापैकी निम्म्या जणींना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ३६व्या दिवसापर्यंत लक्षणं सुरू झाली होती. २८ दिवसांच्या चक्रात ३६वा दिवस म्हणजे पाळी चुकून आठवडा उलटल्यानंतरचा. उरलेल्या निम्म्यांना त्यानंतर. आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत जवळपास ९० टक्के जणींना काही ना काही जाणवत होतं. तेव्हा पाळीच्या तारखेला 'मला काहीच होत नाही, म्हणजे नसणारच' असं समजून निराश होणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही चूक.

मळमळ, डाग आणि बाकीचं

मळमळीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांच्या डोक्यात हेच लक्षण पहिलं असतं. सिनेमात बाई तोंडावर हात धरून मोरीकडे धावली की घरातल्यांना कळतं. प्रत्यक्षात मळमळ साधारणपणे पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास जोर धरते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले आहेत. म्हणजे चौथा आठवडा भरतो त्या सुमारास पाळी चुकलेली असते आणि मळमळ त्याच्याही नंतर येते. 'सकाळची' मळमळ हे नावही फसवं आहे, ती दिवसभरात कधीही होते. दहातल्या सात-आठ जणींना होते आणि उरलेल्यांना होत नाही. ज्यांना होत नाही त्यांच्या गर्भात काही खोट असते, असं मुळीच नाही.

ही मळमळ होते तरी का, याचं बरंचसं उत्तर आता मिळालं आहे. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार गर्भ आणि वार यांच्याकडून येणारं जीडीएफ-१५ नावाचं हार्मोन मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. गरोदर राहण्याआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्यांना त्रास जास्त होतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांना 'मनाचे खेळ आहेत', 'लाड करून घेतेस' असं ऐकवलं गेलं. उलट्या करून करून डोळे खोल गेलेल्या बाईला ते ऐकावं लागणं हा अन्याय होता. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात जा.

दुसरी गोष्ट डागांची. 'गर्भ रुजताना डाग पडतो' हे इतक्या वेळा सांगितलं जातं, की पाळीच्या आधी गुलाबी किंवा तपकिरी काही दिसलं की आशा लागते. विल्कॉक्स यांच्याच गटाने २००३ मध्ये १५१ गर्भधारणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. पहिल्या आठ आठवड्यांत एखाद्या दिवशी तरी रक्त दिसलं अशा स्त्रिया होत्या १४. आणि ते नेमकं रुजण्याच्या दिवशी क्वचितच दिसलं होतं, बहुधा पाळीच्या तारखेच्या आसपास दिसलं होतं. त्या १४ पैकी १२ जणींना पुढे मूल झालं. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. डाग दिसला म्हणजे दिवस राहिले असं नव्हे, न दिसणं तर अगदीच नेहमीचं. आणि दिवस राहिलेले असताना थोडं रक्त दिसलं म्हणजे सगळं संपलं असंही नव्हे, फक्त डॉक्टरांना सांगायला हवं.

यातच एक फसगत दडलेली आहे. पाळीच्या तारखेला थोडंसं रक्त गेलं, दीड दिवसात थांबलं आणि बाईने ती पाळीच धरली, असं पुष्कळदा होतं. मग दोन महिने पत्ता लागत नाही. नेहमी चार-पाच दिवस जाणारी पाळी या वेळी नुसती चाटून गेल्यासारखी वाटली, तर चाचणी करून बघावी.

बाकीची लक्षणं थोडक्यात. वारंवार लघवीला लागणं खरं आहे, कारण गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांपासूनच मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त वाढतं. पण तेही पाळी चुकल्यानंतर जाणवतं, आणि लघवी करताना जळजळ असेल तर तो संसर्ग असू शकतो. वास तीव्र येणं, तोंडाला धातूसारखी चव येणं बऱ्याचजणी सांगतात. स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होणं, पोटावर मधोमध रेघ उमटणं या पुढच्या गोष्टी आहेत, या दोन आठवड्यांत त्या शोधू नका. पांढरं जाणं पाळीआधीही बदलतं, त्यावरून काही ठरवता येत नाही.

घरच्या घरी कळणारी एकच खूण मला त्यातल्या त्यात कामाची वाटते, ती तापमानाची. जी बाई रोज पहाटे उठल्याउठल्या, अंथरुणातच तापमान मोजून लिहिते तिला बीज सुटल्यावर ते वाढलेलं दिसतं. पाळी येताना ते उतरतं. ते १८ दिवसांहून अधिक काळ चढलेलंच राहिलं तर दिवस गेल्याची शक्यता मोठी. पण ही गोष्ट आधीपासून नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे. आज थर्मामीटर आणून आज उत्तर मिळणार नाही.

डॉक्टर गर्भधारणेच्या खुणा तीन गटांत मांडतात. संशय आणणाऱ्या, शक्यता वाढवणाऱ्या आणि खात्री देणाऱ्या. मळमळ, थकवा, स्तन दुखणं, इतकंच काय पाळी चुकणंसुद्धा पहिल्या गटात येतं. लघवीची चाचणी दुसऱ्यात. तिसऱ्या गटात फक्त गर्भ दिसणं, त्याचे ठोके मिळणं आणि तपासणाऱ्याला त्याची हालचाल कळणं. इतकी सावधगिरी का, याचं एक जुनं उदाहरण आहे. १५५५ साली इंग्लंडची राणी पहिली मेरी बाळंतपणासाठी आपल्या महालात जाऊन राहिली. पोट वाढलं होतं, पाळी थांबली होती. वैद्य, सुइणी, दरबार सगळे वाट पाहत होते. एप्रिल गेला, मे गेला, उन्हाळा सरला. मूल झालं नाही. ती खोटं बोलत नव्हती. शरीर तिला खरंच तसं सांगत होतं. राणीचं जिथे असं झालं तिथे आपण एका आठवड्याच्या मळमळीवरून उत्तर काढायला जातो.

पट्टी काय ओळखते

लघवीच्या पट्टीला तुमच्या मळमळीशी काही देणंघेणं नसतं. ती फक्त एचसीजी शोधते. लघवी पट्टीत शोषली जाऊन पुढे सरकताना वाटेत रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडं, म्हणजे एचसीजीलाच चिकटणारी प्रथिनं, भेटतात. लघवीत एचसीजी असेल तर ती त्याला धरतात आणि पहिल्या रेघेच्या जागी सगळं अडकून रंग जमतो. दुसरी, 'सी' लिहिलेली रेघ फक्त पट्टी नीट चालल्याचं सांगते. ती उमटली नाही तर पट्टी बाद, उत्तर काहीही दिसो.

बऱ्याचशा घरगुती पट्ट्या लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलि-आंतरराष्ट्रीय एककं एचसीजी असेल तर ओळखतात. सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी सुमारे दुप्पट होतं. समजा आज ते ५ आहे. दोन दिवसांनी १०, चार दिवसांनी २०, सहा दिवसांनी ४०. म्हणजे आज कोरी राहिलेली पट्टी सहा दिवसांनी दोन रेघा दाखवेल, मधे काहीही वेगळं न घडता. गर्भ उशिरा, अकराव्या-बाराव्या दिवशी रुजला असेल तर पाळीच्या तारखेलाही पट्टी कोरी राहू शकते. घाईने केलेल्या चाचणीचं 'नाही' हे उत्तर 'अजून नाही' असंच वाचावं. 'आहे' हे उत्तर मात्र सहसा खरं असतं. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेवढं वेगळं, कारण मग पट्टी त्या इंजेक्शनचंच हार्मोन दाखवू शकते. अशा वेळी डॉक्टर सांगतील त्या दिवशीच चाचणी करा.

पहाटेची ती पाच मिनिटं सगळ्याजणींची सारखीच असतात. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवायची, बघायचं नाही असं ठरवायचं आणि तरी बघायचं. एक रेघ. मग पट्टी उचलून दिव्याखाली तिरपी धरायची. काही तरी आहे का तिथे? पुसट? वेळेच्या आत, रंग असलेली रेघ दिसली तर ती कितीही फिकट असली तरी रेघच. पण पाकिटावर लिहिलेला वेळ उलटून गेल्यावर, लघवी सुकताना राखाडी रंगाची खोटी रेघ उमटू शकते. म्हणून कचऱ्यात टाकलेली पट्टी तासाभराने काढून बघू नका. शंका वाटली तर दोन दिवसांनी नवी पट्टी, सकाळची पहिली लघवी, त्याआधी भरपूर पाणी न पिता. रेघ गडद होत गेली तर उत्तर मिळालं.

ही पट्टी बाईच्या हातात यायला बराच काळ लागला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी शोधलेल्या चाचणीत बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून नंतर तिची अंडाशयं तपासावी लागत. पुढे बेडकीवरची चाचणी आली. उत्तर यायचं डॉक्टरांकडे, आणि तिथून कधी तरी बाईकडे. १९६७ मध्ये ऑर्गेनॉन या औषध कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या डिझायनरने प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या नळ्यांची रांग पाहिली आणि हे घरी का करता येऊ नये, असं तिला वाटलं. क्लिपा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीतून तिने पहिला नमुना तयार केला. कंपनीला आधी ते पटलं नव्हतं. आपल्या शरीराची बातमी आपल्याला सगळ्यात आधी कळावी, हा तिचा साधा विचार होता. मला तो मोठा वाटतो.

चाचणी कधी करावी? माझं मत विचाराल तर पाळी चुकल्यावर, आणि धीर धरता आला तर आणखी तीन-चार दिवसांनी. याला हिशोबाखेरीज आणखी एक कारण आहे. विल्कॉक्स यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचसीजीवरून कळलेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के इतक्या लवकर थांबल्या, की एरवी त्या लक्षातही आल्या नसत्या. पाळी दोन-चार दिवस उशिरा आली एवढंच वाटलं असतं. तारखेच्या पाच दिवस आधी चाचणी करणाऱ्या बाईला रेघ दिसते आणि आठवड्यात पुसली जाते. तिचं दुःख खरं असतं. 'होतंच काय तेव्हा' असं तिला कुणी म्हणू नये. आणि तिनेही स्वतःला दोष देऊ नये, कारण इतक्या लवकर थांबणारे बहुतेक गर्भ गुणसूत्रांच्या दोषामुळे थांबतात. जिना चढल्यामुळे किंवा ओझं उचलल्यामुळे ते थांबत नाहीत.

पाळी मुळातच अनियमित असेल तर 'चुकली' कशी म्हणायची? पीसीओएस (अंडाशयं आणि हार्मोन यांचा बिघाड), थायरॉइड, अंगावर पाजणं, पाळी जाण्याचं वय, फार ताण, वजनातला मोठा बदल, अशात तारखेचा भरवसा नसतो. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही पाळी काही दिवस पुढे-मागे होते. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजावेत आणि चाचणी करावी. तोवर बीज सुटून, फळून, रुजून एचसीजी पुरेसं वाढलेलं असतं.

वाट पाहताना

उत्तर माहीत नसलं तरी काही गोष्टी उत्तराची वाट न पाहता कराव्यात. मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासूनच सुरू हवी. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती गर्भ धरल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांत ते काम उरकलेलंही असतं. दारू आणि तंबाखू या दिवसांत दूरच ठेवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, फिटांसाठी व्हॅलप्रोएट अशी काही औषधं गर्भाला घातक असतात. यांपैकी काही चालू असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. फिटांची गोळी मात्र घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. एक्स-रे काढायचा झाला तर 'दिवस असण्याची शक्यता आहे' हे आधी सांगा.

आणि एक लक्षण असं आहे, की त्यासाठी कुठल्याही पट्टीची वाट बघायची नाही. पाळी लांबली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखतंय, रक्त जातंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, रुजलेला असू शकतो. शंभर गर्भधारणांमध्ये एक-दोन वेळा असं होतं. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. रात्र असो, पाहुणे असोत, तसंच निघून रुग्णालयात जायचं.

एरवी दोन रेघा आल्या की डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, शेवटची पाळी कधी आली होती? विचारतात तो तिचा पहिला दिवस, संपल्याचा नव्हे. त्या दिवसापासून मोजून ते 'चार आठवडे, तीन दिवस' असं काहीसं लिहितात. संबंध तर अडीच आठवड्यांपूर्वीच आला होता, मग चार आठवडे कसे, म्हणून कित्येकजणी गोंधळतात, क्वचित घरात संशयही उभा राहतो. मोजायची पद्धतच तशी आहे. त्यातले पहिले दोन आठवडे बीज सुटण्याच्याही आधीचे असतात. आणि इतक्या लवकर सोनोग्राफी केली तर पडद्यावर बहुधा काहीच दिसत नाही. गर्भाची पिशवी आतून केलेल्या तपासणीत पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसते, ठोके सहाव्याच्या आसपास. बीज उशिरा सुटलं असेल तर आणखी पुढे. त्या दिवशी कोरा पडदा पाहून घरी आलात आणि डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं असेल, तर पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की अजून तेवढे दिवस गेलेले नाहीत.